प्रश्नामागे छत्तीस सेकंद



व्याख्यानासाठी मला पाऊण तास दिला आहे. पाऊणच का, असं मी संयोजकांना सहज विचारलं. ते म्हणाले, "सभागृह साडेआठला रिकामं करून द्यावं लागतं." उत्तर प्रामाणिक होतं. परीक्षांच्या वेळाही बहुतेकदा अशाच ठरतात: संगणक-केंद्राची पाळी किती वाजता संपते, दिवसात किती शिफ्ट बसवायच्या, मागच्या वर्षी काय होतं. फक्त ते असं उघड कुणी सांगत नाही. प्रश्नपत्रिकेवर 'वेळ : ६० मिनिटे' असं छापलं की तो आकडा पंचांगातून आल्यासारखा सगळे मान्य करतात.

ऑनलाइन बहुपर्यायी चाचणीला वेळ किती द्यावा, हा आजचा विषय. स्मृतिव्याख्यानाला हा विषय किरकोळ आहे असं काहींना वाटेल. पण वेळेचा हाच हिशेब सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे, आणि एकदाच नाही.

२०२४ ची 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा आठवून पाहा. ५ मे रोजी परीक्षा झाली, ४ जूनला निकाल लागला, आणि यादीत ७१८, ७१९ असे गुण दिसले. एकूण गुण ७२०, बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. ७१८ येतीलच कसे? घरोघरी पालकांनी वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब केला आणि संशयाला सुरुवात झाली. मग कळलं की काही केंद्रांवर वेळ वाया गेला होता आणि त्याची भरपाई म्हणून १५६३ विद्यार्थ्यांना वाढीव गुण दिले होते. ते ज्या सूत्राने दिले, ते २०१८ च्या क्लॅट या कायदा प्रवेशपरीक्षेच्या वेळचं होतं. शेवटी १३ जूनला न्यायालयात ते वाढीव गुण मागे घेतल्याचं सांगण्यात आलं. मूळ गुण ठेवा किंवा पुन्हा परीक्षा द्या, असे दोन पर्याय मिळाले. २३ जूनच्या फेरपरीक्षेला १५६३ पैकी ८१३ जण बसले.

त्याच परीक्षेच्या पेपरफुटीच्या गदारोळात हे सूत्र मागे पडलं. मला मात्र त्याचंच कुतूहल आहे. २०१८ ची क्लॅट संगणकावर झाली होती. अनेक केंद्रांवर यंत्रं बंद पडली, लॉगिन होईना, पडदा गोठला. सूत्र असं: विद्यार्थ्याला प्रत्यक्ष मिळालेल्या वेळात त्याने किती प्रश्न सोडवले, त्यांतले किती बरोबर, किती चूक, हे पाहायचं. गेलेल्या मिनिटांतही तो त्याच वेगाने आणि तेवढ्याच अचूकतेने सोडवत गेला असता असं धरायचं, आणि तेवढे गुण वाढवायचे.

कागदावर हे समंजस दिसतं. पण परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा. आपण पहिल्यांदा सोपे प्रश्न उरकतो, अवघड मागे ठेवतो. शेवटच्या दहा मिनिटांतले प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतल्यांपेक्षा जड असतात. म्हणजे गेलेली मिनिटं शेवटची असतील तर सरासरी वेग लावून जास्त गुण पडतात. उलट पडदा मध्येच गोठला, घाम फुटला, आणि पुढचा अर्धा तास मन ताळ्यावर आलं नाही, तर त्या विद्यार्थ्याचा सरासरी वेगच घसरलेला असतो आणि सूत्र त्याला दुसऱ्यांदा मारतं. आणखी एक. संगणकावर प्रत्येक क्लिकची नोंद असते, त्यामुळे कुणाची किती मिनिटं गेली हे निदान शोधता येतं. नीट तर कागदावरची परीक्षा. तिथे वाया गेलेला वेळ म्हणजे पर्यवेक्षकाची आठवण आणि सीसीटीव्हीतलं चित्र. संगणकासाठीचं सूत्र कागदावर आणून बसवलं, आणि ते बसलं नाही.

पण याच्याही आधीचा प्रश्न कुणी विचारला नाही. २०१८ च्या क्लॅटमध्ये प्रश्न २०० आणि वेळ १२० मिनिटं. एका प्रश्नाला ३६ सेकंद. पाच मिनिटं गेली की आठ प्रश्न गेले. वेळ इतका आवळलेला असल्यामुळेच पाच मिनिटांचा बिघाड हे संकट ठरलं. प्रश्नामागे दीड मिनिट असतं तर तो विद्यार्थी चिडला असता, पण त्याचं वर्ष टांगणीला लागलं नसतं. पुढे काय झालं पाहा. २०२० मध्ये क्लॅटचे प्रश्न १५० झाले, आणि २०२४ च्या प्रवेशांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेत १२०. वेळ तोच, दोन तास. आता प्रश्न उताऱ्यांवरचे असतात, वाचन वाढलं आहे, तेव्हा ३६ चे ६० सेकंद झाले म्हणजे सगळी चैन झाली असं नाही. तरी प्रश्न उरतोच: कायद्याच्या विद्यार्थ्याची ३६ सेकंदांत नेमकी कोणती गुणवत्ता आपण मोजत होतो? उद्या वकील झाल्यावर तो अशील समोर बसवून ३६ सेकंदांत सल्ला देणार होता का?

वेळेचा हा आवळपणा बहुपर्यायी परीक्षेच्या जन्मापासूनच आहे. अमेरिकेत कॅन्ससमध्ये फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास मुलांच्या मूकवाचनाची चाचणी तयार केली. बहुपर्यायी प्रश्नांचा उगम बहुधा तिथपर्यंत नेला जातो. त्या चाचणीला वेळ होता पाच मिनिटं. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धासाठी सैन्यभरती सुरू झाली आणि आर्मी अल्फा ही सामूहिक चाचणी आली. लाखो माणसं थोड्या महिन्यांत चाळून काढायची होती. तिचे भाग मुद्दाम इतके थोडक्या वेळाचे होते की बहुतेकांना ते पूर्ण करता येऊ नयेत. सैन्याला घाई होती, ते समजू शकतो. युद्ध संपलं, घाई मात्र शाळांमध्ये राहिली.

१९५० मध्ये हॅरल्ड गलिक्सन यांनी चाचण्यांच्या गणिती सिद्धान्तावर पुस्तक लिहिलं. त्यात वेगाची चाचणी आणि क्षमतेची चाचणी असा स्वच्छ फरक केला आहे. वेगाच्या चाचणीत प्रश्न इतके सोपे की चुकूच नयेत, फक्त किती झाले ते मोजायचं. क्षमतेच्या चाचणीत वेळ मुबलक, प्रश्न चढत्या काठिण्याचे, कुठपर्यंत पोचता ते मोजायचं. आपल्या बहुतेक परीक्षा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात. तेही चालेल. चिंता एवढीच की नेमकं कुठे, हे पेपर काढणाऱ्यालाही माहीत नसतं.

बँकांच्या भरतीची पूर्वपरीक्षा घ्या. शंभर प्रश्न, साठ मिनिटं, आणि इंग्रजी, अंकगणित, तर्क या तिन्ही भागांना वीस-वीस मिनिटांचं वेगळं कुलूप. ज्या भागात ३५ प्रश्न असतात तिथे २० मिनिटं म्हणजे प्रश्नाला ३४ सेकंद. अभ्यासिकांत बसणारी मुलं त्याला सरळ 'स्पीडचा पेपर' म्हणतात आणि त्याच हिशेबाने तयारी करतात. मला यात फार आक्षेपार्ह वाटत नाही. लाखो अर्ज आहेत, पहिली चाळणी आहे, वेग हवा हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा आक्षेप महाविद्यालयातल्या त्या वीस गुणांच्या अंतर्गत चाचणीला आहे. तिच्या अभ्यासक्रमात 'आकलन' लिहिलेलं असतं आणि पडद्यावरचं घड्याळ वेग मोजत असतं.

आता एक प्रश्न जरा जवळून पाहू. एका शेतकऱ्याने ४ एकरांपैकी ६० टक्के क्षेत्रावर सोयाबीन आणि उरलेल्यावर तूर घेतली. सोयाबीन एकरी ८ क्विंटल आणि तूर एकरी ५ क्विंटल झाली, तर एकूण उत्पादन किती? पर्याय २४.८, २६, २७.२ आणि २८.४.

पेपर काढणाऱ्याला हा प्रश्न म्हणजे पंचवीस सेकंदांचं काम. त्यानेच तो रचला आहे, २.४ आणि १.६ हे आकडे त्याच्या डोक्यात आधीच आहेत. विद्यार्थ्याकडे पाहा. तो प्रश्न एकदा वाचतो. मान खाली घालून कच्च्या कागदावर ४, ६०, ८, ५ लिहितो. 'उरलेल्यावर' म्हणजे ४० टक्के की उरलेले एकर, हे पाहायला पुन्हा वर बघतो. २.४ गुणिले ८, एकोणीस पूर्णांक दोन. १.६ गुणिले ५, आठ. बेरीज. पुन्हा वर. २४.८ हा पर्याय दोन पिकांची अदलाबदल करणाऱ्यासाठी मुद्दाम ठेवलेला आहे, त्याकडे क्षणभर नजर थबकते. तिसऱ्या गोलावर क्लिक. 'सेव्ह अँड नेक्स्ट'. बाजूच्या पट्टीत एक चौकोन हिरवा झाला का, ते तो बघतो. यात गणित निम्मंच आहे. उरलेला वेळ वाचण्यात, मान वर-खाली करण्यात, उतरवून घेण्यात आणि बटण दाबण्यात गेला. हे सगळं मोबाइलवर करून पाहा म्हणजे कळेल. २०२० च्या ऑक्टोबरात राज्यातल्या विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या परीक्षा घेतल्या, तेव्हा हजारो मुलांनी त्या फोनवरच दिल्या. प्रश्नातलं सूत्र चित्र म्हणून टाकलेलं, ते दोन बोटांनी मोठं करायचं, मोठं केलं की पर्याय पडद्याबाहेर जायचे.

म्हणून माझी पहिली सूचना साधी आहे. पेपर काढणाऱ्याने स्वतःचा वेळ लावून त्याला दोन-तीनने गुणायची पद्धत शिक्षकांत आहे. काहीच न करण्यापेक्षा ती बरी. पण तो पेपर न पाहिलेल्या सहकाऱ्याला सोडवायला लावा, आणि ज्या उपकरणावर मुलं सोडवणार त्याच उपकरणावर.

दुसरी गोष्ट सरासरीची. ऑनलाइन चाचणीची मोठी देणगी ही की कुणाला किती वेळ लागला ते आपोआप नोंदलं जातं. शिक्षक ती नोंद उघडतात आणि सरासरी काढतात. इथे गफलत होते. उत्तराला लागणाऱ्या वेळेचा आलेख दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, उजवीकडे लांब शेपूट असतं. फार लवकर कुणी संपवू शकत नाही, फार उशीर मात्र पुष्कळांना लागतो. विम व्हॅन डर लिंडेन यांनी २००६ मध्ये मांडलेलं प्रतिमान याच आकारावर उभं आहे. समजा, पन्नास मुलांच्या वर्गाने वीस प्रश्न वेळेचं बंधन न ठेवता सोडवले. मधल्या मुलीला १८ मिनिटं लागली, सरासरी आली २०, आणि हळू मुलांपैकी शेवटून पाचव्याला ३१. तुम्ही २० मिनिटं ठेवलीत तर वर्गातल्या वीसेक मुलांचा पेपर अपुरा राहील, आणि त्यांना ते प्रश्न येत नव्हते असं तुम्ही समजाल. आकलन मोजायचं असेल तर आकडा ३१ च्या आसपास हवा.

मोठ्या परीक्षांसाठी अमेरिकेतल्या ईटीएस या संस्थेत एक जुना ठोकताळा होता, फ्रान्सिस स्वाइनफर्ड यांच्या नावाने ओळखला जाणारा: जवळपास सगळे परीक्षार्थी तीन चतुर्थांश प्रश्नांपर्यंत पोचले आणि निदान ८० टक्के शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचले, तर वेळेने परीक्षा बिघडवली नाही असं समजावं. आपल्याकडे तो तसाच लावला तर फसगत होईल. राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेशपरीक्षेत चुकीला गुण वजा होत नाहीत. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र मिळून शंभर प्रश्न, नव्वद मिनिटं. शेवटची दोन मिनिटं उरली की शहाणं मूल उरलेल्या सगळ्या प्रश्नांना एकच अक्षर ठोकून मोकळं होतं. तुक्का मारणं हाच तिथे हुशारीचा निर्णय. त्यामुळे नोंदीत सगळेच शेवटच्या प्रश्नापर्यंत 'पोचलेले' दिसतात. खरं चित्र क्लिकच्या वेळांत आहे: शेवटच्या दहा प्रश्नांना दोन-दोन, तीन-तीन सेकंदांत उत्तरं आली असतील तर ते प्रश्न कुणी वाचलेलेच नाहीत. ही माहिती परीक्षा घेणाऱ्यांकडे असते. निकालासोबत ती जाहीर व्हायला काय हरकत आहे?

इथे भाषेचाही विषय येतो, आणि तो आपला आहे. सीईटीचे बाकी विषय मराठीतून देता येतात, गणित मात्र फक्त इंग्रजीत. मराठी माध्यमाचं मूल नव्वद मिनिटांत गणितं सोडवतं आणि त्याच नव्वद मिनिटांत इंग्रजीही वाचतं. जिथे दोन्ही भाषा उपलब्ध आहेत तिथे वेगळंच होतं. पडद्याच्या कोपऱ्यात भाषा बदलायचा पर्याय असतो. मराठी अनुवाद कळला नाही म्हणून मूल इंग्रजीवर जातं, तिथे अर्धवट कळतं म्हणून परत मराठीवर येतं. प्रश्न एक, वाचन तीनदा. हा वेळ मुलाच्या खात्यातून वळता होतो; अनुवाद करणाऱ्याच्या खात्यातून काहीच जात नाही.

आता मला हमखास विचारला जाणारा प्रश्न. "सर, वेळ वाढवला तर पोरं गुगल करतील." घरून दिलेल्या चाचण्यांत वेळ आवळण्याचं हेच खरं कारण असतं, आणि ते शिक्षक आळशी म्हणून नाही, हतबल म्हणून सांगतात. पण विचार करा. व्हॉट्सअॅपच्या गटावर '७ ला क, ८ ला अ' असं आलेलं उत्तर उतरवायला किती वेळ लागतो? चार सेकंद. विचार करणाऱ्याला लागतो दीड मिनिट. मग वेळ आवळल्याने अडचण कुणाची झाली? कॉपी ही नेहमीच विचारापेक्षा जलद असते, त्यामुळे घड्याळ हा तिच्यावरचा उपाय होऊच शकत नाही. प्रश्नांचा क्रम बदला, प्रत्येकाला वेगळे आकडे द्या, प्रश्नपेढी मोठी करा, किंवा पुस्तक उघडं ठेवूनच परीक्षा घ्या. आणि पर्याय चारऐवजी तीन करा. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन तीन पर्याय पुरतात असं दाखवलं आहे. चौथा पर्याय बहुधा ओढूनताणून आणलेला असतो आणि वाचण्यात मात्र वेळ खातो.

प्रत्येक प्रश्नाला वेगळं घड्याळ लावण्याची टूमही हल्ली निघाली आहे, तीस सेकंद झाले की प्रश्न गायब. मी त्याच्या विरुद्ध आहे, आणि कारण गणिती आहे. एका प्रश्नावर कुणीही अडखळतो. वीस प्रश्नांत अडखळणं आणि सुसाट जाणं एकमेकांना सांभाळून घेतं. एकूण वेळ एकत्र दिला की विद्यार्थी इथले वाचवलेले सेकंद तिथे खर्च करतो. प्रश्नागणिक घड्याळ हा हक्क काढून घेतं. नॉर्वेहून आलेलं काहूट हे वर्गात खेळायचं ॲप याच्याही पुढे जातं. तिथे लगेच बरोबर उत्तर दिलं तर हजार गुण, वेळ संपता संपता दिलं तर तेच उत्तर पाचशेचं. खेळ म्हणून मजा येते, मीही खेळलो आहे. पण ते गुण कुणी अंतर्गत मूल्यमापनाच्या रकान्यात भरत असेल तर त्याने थांबावं.

अपंग विद्यार्थ्यांच्या जादा वेळेबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यानंतर केंद्राने २०१८ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. तासाला किमान वीस मिनिटं, हा त्यातला हिशेब. म्हणून व्यवस्थापन प्रवेशाच्या कॅट परीक्षेत चाळीस मिनिटांच्या प्रत्येक भागाला बरोबर १३ मिनिटं २० सेकंद जास्त मिळतात. आकडा चमत्कारिक दिसतो, पण चाळिसाचा एक तृतीयांश तेवढाच होतो. कागदावर हे ठीक आहे. प्रत्यक्षात, लिहिण्याची अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला नीटमध्ये हक्काचा एक तास मिळाला नाही, आणि तो तिचा हक्कच होता हे नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

"त्यांना जास्त वेळ, मग आमच्या मुलांवर अन्याय नाही का?" असं विचारणारे पालक भेटतात. या तक्रारीत एक खाच आहे. मूळ वेळ जर इतका असेल की जवळजवळ सगळ्यांचा पेपर आरामात होतो, तर गरज नसलेल्याला जादा वीस मिनिटं दिली तरी तो ती खिडकीबाहेर बघण्यात घालवेल. जादा वेळेचा हेवा वाटतो तो मूळ वेळ अपुरा असतो म्हणून. तक्रार न्यायची तर ती पेपर काढणाऱ्याकडे न्यावी, शेजारच्या बाकावरच्या मुलाकडे नव्हे.

महाविद्यालयांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या मूडल या ऑनलाइन अध्यापन-प्रणालीत जादा वेळेची सोय बसवलेलीच आहे. एका विद्यार्थ्यापुरती किंवा गटापुरती वेळमर्यादा बदलता येते. वेळ संपल्यावर उत्तरं आपोआप जमा व्हावीत, थोडी मुदत मिळावी, की वेळेत जमा न केलेला प्रयत्न धरूच नये, हेही निवडता येतं. या शेवटच्या पर्यायाने किती मुलांचे पूर्ण सोडवलेले पेपर शून्यावर गेले असतील! मूडलचं घड्याळ मुलाच्या फोनवर नसतं, सर्व्हरवर असतं. गावातली वीज गेली, रेंज गेली, तरी ते चालूच राहतं. चाचणी लावण्यापूर्वी शिक्षकाने निदान हे एक पान उघडून वाचावं.

शेवटी शाळेतल्या लहान मुलांविषयी. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ७५ प्रश्न आणि ९० मिनिटं असतात, प्रश्नाला ७२ सेकंद. दहा वर्षांच्या मुलासाठी हा वेळही सैल नाही. तरी त्याच परीक्षेच्या सरावासाठी म्हणून फोनवर ज्या चाचण्या फिरतात त्यांत प्रश्नागणिक तीस सेकंद लावलेले मी पाहिले आहेत, लाल आकडा उलटा पळत असतो. मुलाला तोंडी विचारलं तर उत्तर येतं, फोनवर चुकतं, आणि आई म्हणते, "याचा स्पीडच नाही." अशा वेळी त्या माउलीने चाचणीच्या सेटिंगमध्ये जाऊन घड्याळ बंद करावं, आणि ते बंद होत नसेल तर दुसरी चाचणी शोधावी.